मुदतवाढीचा रविवार

कस्टम कचेरीत रविवार होता. बाहेर रस्त्यावर गुरुवार होता, शाळा भरल्या होत्या, बँकेपुढे रांग लागली होती, पण कचेरीच्या भिंतीवर एकतीस तारखेचं पान लटकत होतं ते लटकतच होतं. शिक्केवाली ताई रोज सकाळी येऊन टेबल पुसायची, शाईची गादी ओली करायची आणि शिक्क्याच्या तारखेच्या चाकाला बोटसुद्धा लावायची नाही. येईल त्या जहाजाच्या कागदावर धाडकन एकतीस तारीख, म्हणजेच रविवार.

ताईला वेड लागलं नव्हतं. ही त्या बंदराची रीत होती. समुद्राची एक चिंचोळी पट्टी, अलीकडे आपला देश, पलीकडे त्यांचा. दोघांचा जुना करार होता: तुमची जहाजं आमच्या बंदरात आमच्या जहाजांसारखी वागवू, आमची तुमच्याकडे तुमच्यासारखी वागवा. दर काही वर्षांनी त्या कराराची मुदत संपायची आणि ती वाढवून घ्यावी लागायची. आता ही मुदतवाढ आजवर कधी वेळेवर झाली असेल तर शपथ! कागदावर कुणाच्या देशाचं नाव आधी, सह्या कुठल्या गावात, फोटोत उजव्या हाताला कोण, यावरून दोन्ही राजधान्यांतले थोर लोक नव्या सुनांसारखे रुसून बसायचे. त्यांचा रुसवा निघेपर्यंत करार मेलेला. आणि टोमॅटोला रुसवेफुगवे कळत नाहीत, तो आपला पेटीत सडतो.

म्हणून दोन्ही बंदरांतल्या जुन्या लोकांनी फार पूर्वी एक तोडगा काढला होता. कराराची शेवटची तारीख आली आणि सह्या झाल्या नाहीत, की कॅलेंडरचं पान फाडायचंच नाही. शिक्का पुढे सरकवायचा नाही. तारीख संपली नाही म्हणजे करारही संपला नाही! पलीकडेही हेच. राजधान्यांना सगळं ठाऊक होतं आणि दोन्ही राजधान्या कानावर हात ठेवून होत्या. मग एके दिवशी सह्या व्हायच्या, ताई पानांचा गठ्ठा एकदम फाडायची आणि बंदर पुन्हा जगाच्या बरोबरीला यायचं.

ताईला या रितीचा अभिमान होता. तिच्या आधीच्या म्हाताऱ्या शिक्केवाल्याने तिला ती शिकवली होती आणि तिला ती सरकारपेक्षा शहाणी वाटायची. बंदरात त्या दिवसांत थट्टेला ऊत यायचा. "आज किती तारीख?" असं कुणी विचारलं, की समोरचा म्हणायचा, "सरकारी सांगू की खरी?" या खेपेला तर शेवटची तारीख नेमकी रविवारी आली होती, आणि रविवारी धक्क्यावर दोरवाल्यांना साप्ताहिक सुट्टी. म्हणजे कागदोपत्री रोज जहाजं येत होती आणि धक्क्यावर एकही माणूस नसताना स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून घेत होती. हा चमत्कार पाहून कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. माल उतरत होता ना, मग झालं.

त्या गुरुवारी ताई असाच एक कागद शिक्क्याखाली घेत होती, तेवढ्यात दोरवाल्यांचा मुकादम दारात आला. जाडजूड, मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या वेळी त्याच्या तोंडून आवाजच निघत नव्हता.

"ताई, चला," तो म्हणाला. "धाकट्याला लागलंय."

धाकटा म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. सगळं बंदर त्याला धाकटाच म्हणायचं, कारण ताई म्हणायची. तो दोरवाल्यांच्या टोळीत होता. जहाज धक्क्याला लागताना वरून खलाशी मनगटाएवढे दोर फेकतात, ते झेलायचे आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंटांना अडकवायचे, हे त्यांचं काम. सकाळी पलीकडचं एक मालवाहू जहाज आलं. त्याचा दोर पाहून धाकटा वरच्या खलाशाला ओरडून म्हणाला होता, "अरे, हा दोर आहे की पणजीची वेणी?" टोळी हसली, खलाशीही हसला. मग जहाज लाटेवर मागे सरलं, दोर ताणला गेला आणि तुटला. तुटलेला दोर धक्क्यावरून असा फिरला की धाकट्याच्या उजव्या पायाचं गुडघ्याखाली काय झालं ते मुकादमाने ताईला सांगितलं नाही. तिने ते रुग्णालयात पाहिलं.

"हाडं कशीबशी बसवली आहेत," तिथला डॉक्टर म्हणाला. तरुण होता, पण आडवळण न घेता बोलणारा. "खरा प्रश्न मांसाचा आणि शिरांचा आहे. ते जोडणारे सर्जन आपल्याकडे नाहीत, पलीकडे आहेत. लवकर न्या. जखम चिघळली तर पाय ठेवता येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

धाकट्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने ताईकडे पाहिलं. आणि ताई, खरं सांगायचं तर, त्या क्षणी निश्चिंत झाली. कारण तिला करार पाठ होता. त्यात एक कलम होतं: एका देशाचा कामगार दुसऱ्या देशाच्या जहाजामुळे जखमी झाला, तर त्या जहाजाच्या देशाने त्याला आपलाच माणूस समजून, परवान्याची वाट न पाहता, आपल्या रुग्णालयात न्यावं. इतर कुठल्याही देशाशी केलेल्या करारात नसेल असं सोन्यासारखं कलम. मागे त्यांच्या एका खलाशाचा हात आपल्या क्रेनमध्ये सापडला होता, तेव्हा आपण त्याला जावयासारखं सांभाळलं होतं.

"अगं, घाबरू नकोस," ताई भावजयीला म्हणाली. "संध्याकाळच्या बोटीने पलीकडे जाईल तो. एक सही, बस."

सही कस्टमच्या मोठ्या साहेबांची लागायची. साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी ताईला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, दोनदा "अरेरे" म्हणाले आणि मग कागद पुढे ओढून पेन उघडलं.

"अपघाताची तारीख काय घालू, बाई?"

"आजची," ताई म्हणाली.

"आजची म्हणजे चार. पण चार तारखेला करार कुठे आहे? तो एकतीसला संपला. मेलेल्या कराराच्या कलमाखाली मी माणूस कसा पाठवू?"

"मग एकतीस घाला. सगळ्याच कागदांवर घालतोय आपण."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "तेच तर घोडं अडलंय. एकतीसला रविवार. धाकट्याची टोळी सुट्टीवर. हजेरी वेगळ्या खात्याची, ती खऱ्या तारखेने चालते. उद्या कुणी विचारलं, सुट्टीवरचा माणूस धक्क्यावर काय करत होता, तर मी काय सांगू?"

"आणि ते जहाज रविवारी धक्क्याला कुणी बांधलं, हे कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"ते कुणी विचारणार नाही," साहेब शांतपणे म्हणाले. आणि खरंच होतं ते. कुणीच विचारणार नव्हतं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर साहेब, आणि दगडाखाली हात आपला. ती उठली.

ती पलीकडच्या देशाच्या इथल्या प्रतिनिधीकडे गेली. बंदरापासून दोन गल्ल्या सोडून त्याची कचेरी, दारात पितळी पाटी, आत इतका जाड गालिचा की आपलीच पावलं आपल्याला ऐकू येऊ नयेत. प्रतिनिधी फार सभ्य. आपली भाषाही तो इतकी चांगली बोलायचा की नकारसुद्धा आमंत्रणासारखा वाटायचा.

"मला मनापासून वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण आम्ही तुमच्या शिक्क्यावर चालतो. तुमचा शिक्का म्हणतो एकतीस. एकतीसला आमच्या जहाजामुळे तुमचा कोणताही कामगार जखमी झाल्याची नोंद नाही."

"एकतीसला तुमचं जहाज इथे नव्हतंच! ते आज सकाळी आलं. खिडकीतून बघा, तिथे उभं आहे."

त्याने खिडकीतून पाहिलंही नाही. "कागदावर ते रविवारी आलं, रविवारीच रिकामं झालं."

"माल रविवारी उतरतो आणि माझ्या भावाचा पाय मात्र गुरुवारी तुटतो?"

"दुर्दैवाने," प्रतिनिधी म्हणाला आणि तिला दारापर्यंत सोडायला आला.

यालाच म्हणतात, आपलं ठेवायचं झाकून. कांद्याच्या पोत्याला करार जिवंत, लोखंडाच्या सळईला करार जिवंत, बाहुल्यांच्या खोक्याला करार जिवंत, आणि ते सगळं ज्याच्या हातांवर उतरतं त्या माणसाला मात्र करार मेलेला! परवाना काढून साध्या वाटेने जावं म्हटलं तर परवान्याला कित्येक आठवडे. जिवंत करार असला की कुणाला परवान्याची आठवणही होत नसे, त्यामुळे परवान्याची खिडकी उघडायला माणूसच नेमलेला नव्हता.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. ताई सकाळी कचेरीत एकतीस तारीख मारायची आणि दुपारनंतर कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी राहायची. बंदर खात्याने तिला कस्टमकडे पाठवलं, कस्टमने आरोग्य खात्याकडे, आरोग्य खात्याने पुन्हा बंदराकडे. सगळे हळहळले. हळहळीचा तर नुसता पूर आला होता. त्यातली चमचाभर हिंमत कुणी दाखवली असती तर पाय वाचला असता.

रविवारी, खऱ्या रविवारी, ती रुग्णालयात गेली तेव्हा खोलीतल्या वासाने तिला दारातच कळलं. धाकट्याला ताप होता. तरी त्याने डोळे उघडून विचारलं, "ताई, तुमच्या कचेरीत सोमवार उजाडला का गं?"

"गप पड."

"नाही, उजाडला की सांग. मला कामावर जायचंय."

ती हसली नाही, म्हणून तोच हसला. भावजय तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली. एरवी नणंदेपुढे वर मान करून न बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिने मुलाहिजा ठेवला नाही.

"ताई, ती तारीख कोण अडवून धरतं? तुम्हीच ना? शिक्का तुमच्याच हातात आहे ना? इतक्या वर्षांत इतक्या जहाजांवर मारलात, एक आमच्यावर मारता येत नाही?"

ताईला फार लागलं ते, आणि लागलं कारण खोटं नव्हतं. ज्या रितीचं तिला कौतुक होतं ती माल वाचवण्यासाठी काढलेली रीत होती. त्यात माणूस कुठे बसेल याचा विचार तिने कधी केला नव्हता. तिच्या आधीच्या म्हाताऱ्यानेही केला नव्हता.

सोमवारी सकाळी बातमी आली: रुसवा निघाला. मंगळवारी पलीकडचं शिष्टमंडळ जहाजाने येणार, धक्क्यावरच मंडपात सह्या होणार. बंदरात एकच धांदल उडाली. खुंटांना रंग लागला, बँडवाले आले, कुंड्या आल्या. ताई धावतच साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, म्हणजे उद्या करार पुन्हा जिवंत! उद्या धाकट्याला पाठवता येईल!"

साहेबांनी खाली पाहिलं. "बाई, मुदतवाढ सहीच्या दिवसापासून लागू होणार. मधले दिवस कुणी उकरायचे नाहीत असं दोन्हीकडून ठरलंय. उकरले तर सगळाच माल बेकायदा ठरेल. धाकट्याचा अपघात मधल्या दिवसांतला. नव्या करारात त्याला जागा नाही."

"आणि जुन्यात?"

"जुन्यात तर नव्हतीच."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायला एक पाय. ताई तिथून थेट दोरवाल्यांच्या पत्र्याच्या खोलीत गेली. टोळी जेवायला बसली होती. मुकादमाने तिच्यासाठी स्टूल पुसलं.

"मुकादम, एक विचारते," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "आमच्या कचेरीत आज काय वार आहे?"

"रविवार," मुकादम म्हणाला. "तुमच्याकडे कधीचा रविवारच चाललाय."

"आणि उद्या सह्या होईपर्यंत?"

"रविवारच की."

"मग तुम्ही लोक रविवारी कामावर कशाला येता?"

मुकादमाचा घास हातातच राहिला. टोळीतला एक जण आधी हसला, मग त्याला कळलं की ही थट्टा नाही. ताई पुढे म्हणाली, "धाकटा रविवारी सुट्टीवर होता म्हणून त्याला पाठवत नाहीत. मग सगळेच सुट्टीवर होतात तुम्ही. आजही आहात. सरकारी कागद आहे, मी स्वतः रोज शिक्का मारते. सरकारचं ऐकायला नको?"

मुकादमाने घास तोंडात टाकला, सावकाश चावला आणि पाणी प्यायला. "ऐकायलाच हवं," तो म्हणाला. "सरकारच्या शब्दाबाहेर आम्ही कधी गेलोय?"

मंगळवारी बँड वाजू लागला. पलीकडचं पांढरंशुभ्र जहाज झेंडे लावून धक्क्यापाशी आलं, कठड्याला शिष्टमंडळ हात हलवत उभं राहिलं. खलाशाने दोर फेकला. दोर धक्क्यावर आपटला आणि घसरत पाण्यात गेला. खलाशाने तो ओढून पुन्हा फेकला, पुन्हा पाण्यात. दोरवाल्यांची टोळी धक्क्यावरच होती. धुतलेले सदरे घालून, भांग पाडून, मालाच्या खोक्यांवर पाय सोडून बसली होती. कुणी शेंगा खात होतं. जहाज हातभर अंतरावर डुलत होतं आणि बँड तीच धून तिसऱ्यांदा वाजवत होता.

साहेब घामाघूम होऊन धावत आले. "मुकादम! दोर घ्या! काय चाललंय हे?"

"सुट्टी आहे, साहेब."

"कसली सुट्टी? मंगळवार आहे आज!"

"मंगळवार?" मुकादमाने तोंडावर हात ठेवला. "मग ताईंच्या शिक्क्याचं काय? आजपर्यंतचा सगळा माल खोट्या तारखेने उतरवला म्हणता? मोठ्याने म्हणू नका साहेब, पेपरवाले आलेत."

साहेबांनी वळून पाहिलं. ताई मागेच उभी होती. साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, हे तुमचं काम. काय हवंय तुम्हाला?"

"तुम्हाला ठाऊक आहे. तो खऱ्या तारखेला जखमी झाला असं लिहा. आणि पाठवा."

"ते शक्य नाही. ते लिहिलं तर सगळंच उघडं पडेल." प्रतिनिधीही धापा टाकत येऊन पोचला होता, गालिच्याबाहेर त्याला पळायची सवय नव्हती. दोघे बाजूला गेले, कुजबुजले. जहाजावरून कुणीतरी पुढारी काय झालं म्हणून विचारत होता आणि त्याला वाऱ्यामुळे उशीर होतोय असं सांगितलं जात होतं. झेंडे तर काठीला चिकटून लोंबत होते. मग साहेब परत आले.

"एक करता येईल. अपघात एकतीसलाच झाला असं लिहू. आणि धाकट्याची त्या रविवारची सुट्टी रद्द करू, तातडीच्या कामासाठी बोलावलं होतं म्हणून. हजेरी खात्याला मी सांभाळतो. मग कलम लागू होतं. याच जहाजाने जाऊ दे त्याला."

मग हे आधी का नाही झालं? गुरुवारी का नाही झालं? एवढीशी गोष्ट, पेनाच्या दोन फटकाऱ्यांची! गुरुवारी धक्क्यावर बँड नव्हता, एवढाच काय तो फरक. ताईच्या जिभेवर हे सगळं आलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती खोली होती, तो वास होता. तिने फक्त मान हलवली आणि साहेबांनी सही करेपर्यंत त्यांच्या हातावरून नजर काढली नाही. मग मुकादम उठला, हात झटकले आणि पाण्यातला दोर वर ओढून घेतला.

धाकट्याला तासाभरात स्ट्रेचरवर धक्क्यावर आणलं. जहाज मात्र निघालं नाही. आधी सह्या झाल्या, मग भाषणं झाली, मग भेटवस्तू, मग मंडपात जेवण. दोन्ही बाजूंनी मैत्रीबद्दल फार सुंदर बोललं गेलं. स्ट्रेचर मंडपाच्या कनातीमागे सावलीत ठेवलं होतं, कारण फोटोत येत होतं. भावजय पुठ्ठ्याने वारा घालत होती. ताई दोनदा आत गेली आणि दोनदा तिला सांगण्यात आलं, की आता फक्त गोड व्हायचं राहिलंय.

पलीकडच्या सर्जनांनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही, हे सांगायला हवं. पण त्यांनी पट्टी सोडून पाहिली आणि भावजयीला बाजूला बोलावलं. विष वर चढत होतं. पाय गुडघ्यावरून कापावा लागला. "थोडं आधी आणलं असतं तर," एवढंच ते म्हणाले.

काही आठवड्यांनी धाकटा कुबड्यांवर परत आला. बंदर खात्याने त्याला धक्क्यावरून काढून माल मोजण्याच्या खोलीत बसवलं. आणि मग एके दिवशी सभागृहात समारंभ ठरला, मुदतवाढ यशस्वी झाल्याबद्दल. दोन्ही बाजूंचे लोक आले, प्रतिनिधी आला. धाकट्याला खास बोलावणं होतं. ताई तिसऱ्या रांगेत बसली, तिच्याशेजारी भावजय, आणि मागे धुतलेल्या सदऱ्यांतली सगळी टोळी.

साहेबांनी कागद हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. "हा करार केवळ मालाचा नाही, माणसांचाही आहे. याचं उदाहरण आपल्यासमोर बसलं आहे. या कामगाराला एकतीस तारखेला, सुट्टी असूनही कर्तव्यावर असताना, अपघात झाला. आणि दोन्ही देशांच्या तत्परतेमुळे तो एकतीस तारखेलाच, म्हणजे त्याच दिवशी, पलीकडच्या उत्तम रुग्णालयात दाखल झाला!"

टाळ्या पडल्या. प्रतिनिधीने तर उभं राहून वाजवल्या. ताईला आधी कळेचना आपण काय ऐकलं. मग कळलं. जहाज सुटलं त्यानंतर तिने पानं फाडली होती. पलीकडेही त्या मंगळवारी धाकटा पोचेपर्यंत एकतीसच होती. गुरुवारपासून मंगळवारपर्यंतचे सगळे दिवस, तो ताप, तो वास, दारोदारच्या त्या पायऱ्या, कुठल्याच कागदावर नव्हतं काही. कुणी उशीर केलाच नव्हता. उशीर व्हायला दिवसच नव्हते!

"खोटं आहे!" ताई उभी राहून ओरडली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "साहेब, गुरुवारी मी तुमच्या खुर्चीत बसले होते! शुक्रवारी त्याचा पाय होता. शनिवारी होता. सोमवारी तुम्हीच म्हणालात त्याला जागा नाही! कुठे घातलेत हे दिवस? कुणी खाल्ले?"

"बाई, बसा," साहेब हळूच म्हणाले. "तुम्हीच मान्य केलं होतंत."

ते खरं होतं, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती उभीच राहिली. मागे मुकादमाने खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. सभागृहात कुजबुज वाढली, तेव्हा प्रसंग सावरायला म्हणून साहेबांनी घाईघाईने धाकट्याला व्यासपीठावर बोलावलं, त्याच्या हातात गुच्छ दिला आणि चार शब्द बोलायला माइक दिला. सगळ्यांना ठाऊक होतं, हा गडी हसवतो.

धाकट्याने गुच्छ टेबलावर ठेवला, कारण कुबडी आणि माइक धरून तिसरी वस्तू धरता येत नव्हती.

"मला काही नको," तो म्हणाला. "पाय गेला तो गेला. पण साहेब, तुम्ही माझी रविवारची सुट्टी रद्द केलीत, ती तेवढी परत लावा. त्या रविवारी मी कामावर नव्हतो. पोरीला खांद्यावर घेऊन टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो होतो. चढ आहे तिथे. ती म्हणाली, बाबा, पळा, तर पळालोसुद्धा. तो माझा दोन पायांवरचा शेवटचा रविवार होता. तो दिवस मी तुमच्या कराराला देणार नाही."

कुणी हसलं नाही. साहेबांनी त्याच्या हातून माइक घेण्यासाठी हात पुढे केला, आणि धाकट्याने तो दिला नाही. "आधी लिहा," तो म्हणाला. "मी उभा आहे."